लिहिणारी ठणठणीत आहे

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,

तुझं पार्सल पोचलं. पत्र एवढंसं आणि गोळ्या ओंजळभर, म्हणजे आजीचं तोंड गोड करून बंद करायचा बेत दिसतो. ते होणार नाही. हे तोंड तुझ्या आजोबांना जन्मभर बंद करता आलं नाही, तुझ्या जपानी चॉकलेटाला काय जमणार!

तरी पण खाल्लं. कागदावर फळाचं चित्र आहे आणि बाजूला त्यांची अक्षरं. मी लिहिणारीला म्हटलं, वाच. ती म्हणाली, "आई, हे मला नाही येत." इतका आनंद झाला गं मला! सगळा जन्म गेला हिच्या तोंडाकडे बघत, हिने वाचावं आणि मी ऐकावं. आज पहिल्यांदा सासू आणि सून एका पायरीवर बसल्या. दोघींनी चित्र बघून ठरवलं की ही द्राक्षाची.

वरचं चॉकलेट पातळ, जिभेवर ठेवलं की कापडासारखं विरतं. मला वाटलं झालं, संपलं. तर आतून निघालं ते! जांभळं, आंबटगोड, आणि चिवट म्हणजे किती चिवट, दूरच्या पाहुण्यासारखं, एकदा बसलं की उठायचं नाव नाही. मी जोर लावला, तर गोळी जागेवर आणि माझी वरची कवळी खाली. लिहिणारी हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, म्हणून रागावले नाही. पण या गोळ्या माझ्या कामाच्या नाहीत, हे तुझ्या जपानी लोकांना कळव.

लिहिणारी कोण ते तू अक्षरावरून ओळखतेसच. वकिलाच्या कचेरीत सारी नोकरी तिने दुसऱ्याच्या तोंडचं उतरवून घेण्यात घालवली. वकील खोकला तर तेवढा खोकला सोडायची, बाकी शब्द इकडचा तिकडे नाही. तेव्हा मी सांगते ते तसंच्या तसं तुझ्याकडे येतं. मला अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण मुंग्या माझ्या आहेत.

आता एक बोलते. तू "प्रिय आजी" लिहितेस, "तुझी भिंगरी" लिहितेस, खालच्या घड्याळवालीला नमस्कार लिहितेस, तिच्या मांजराचीसुद्धा चौकशी करतेस. या घरात आणखी एक माणूस राहतं. तेच तुझं पत्र फोडतं, तेच मला वाचून दाखवतं, आणि त्यात स्वतःला शोधतं. बापाच्या वेळी तिने तुला कळवलं नाही, ही तिची चूक. पण किती दिवस तिला उंबऱ्याबाहेर उभी ठेवशील? कागदाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला ती, आणि मधे मी ही एका कानाने ठार बहिरी म्हातारी. हे वाक्य सांगताना पेन थांबलं होतं. मी म्हटलं, लिही. लिहिलं.

तब्येत सांभाळ. पाण्यावर राहतेस, तर पाणी पीत जा.

आशीर्वाद आहेतच, ते काय पत्रातून संपतात?

आजी


९ मार्च

प्रिय आजी,

तुझं पत्र दोन बंदरं मागे फिरून आज हाती आलं. कवळीचं वाचून मी इतकी हसले की शेजारच्या बिछान्यावरच्या शिवणवाल्या मावशी उठून बसल्या. त्यांना मी हातवारे करून सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, वाकून माफी मागितली, आणि मग त्याही खो खो हसल्या. गोळ्या त्यांच्याच. त्या जपानच्या, बोटीवरचे गणवेश आणि पडदे शिवतात. त्यांची बहीण घरून पाकिटं पाठवते आणि त्यातली निम्मी त्या माझ्या उशीखाली ठेवतात. आमची दोघींची भाषा म्हणजे भुवया आणि बोटं, तरी भांडण झालेलं नाही. म्हणजे भाषा आली की भांडण येतं, असं समजायचं.

मागे तू विचारलं होतंस, काम काय? धुलाईघर बोटीच्या पोटात आहे, खिडकी नाही. जेवणघरातले पांढरे टेबलक्लॉथ खाली येतात तेव्हा वर काय झालं ते सगळं कळतं. कुणी रस सांडला, कुणी पेला फोडला, कुणी रडून नॅपकिन पिळला. आम्ही ते धुतो, गरम रोलरमधून काढतो, चौकोनी घडी घालून वर पाठवतो. वरच्यांना वाटतं, कापड नवीनच असतं.

गोळीची रीत सांगते, तू चुकलीस. चावायची नाही. गालात ठेवायची आणि विसरून जायचं. आधी चॉकलेट निघून जातं, मग आतलं फळ हळूहळू नरम होतं. पीचची असली तर आधी काहीच वाटत नाही, मग एकदम सगळ्या तोंडात वास भरतो. वाफेत उभं राहून मी ती एक गोळी पुष्कळ वेळ पुरवते. या खेपेला पीच, खरबूज आणि एक पिवळी अशी पाठवतेय. पिवळी कसली ते मावशींना सांगता आलं नाही. लिंबूही नाही, संत्रंही नाही, मधलंच काहीतरी. फार आंबट आहे, जपून.

आता तुझं ते एक. आजी, बाबा गेले तेव्हा मी पेपर लिहीत होते. मी उत्तरपत्रिकेला पुरवणी जोडत होते आणि इकडे सगळं आटोपलं होतं. पेपर संपल्यावर मला सांगितलं. मी पास झाले. त्या पास होण्याचं मी काय करायचं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी तिच्याशी बोलत नाही. राग नाही आता तसा. बोलायला तोंड उघडलं की आधी तो पेपर आठवतो.

पण एक विचारते, तुलाच विचारते. गेल्या पत्रात शेवटच्या पानावर अक्षर ओळीवरून खाली घसरलंय. तिची ओळ कधी घसरत नाही. बरी आहे ना ती? एका वाक्यात कळव.

तुझी,
भिंगरी


२ एप्रिल

चि. भिंगरी हिस,

दुसरं पार्सल पोचलं. तुझ्या मावशींना सांग, त्यांच्या बहिणीच्या हाताला यश आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी. लिहिणारी ठणठणीत आहे. ओळ घसरली, कारण टेबलाचा पाय हलतो. सुताराला सांगितलंय.

आता गोळ्या. खरबुजाची काही पटली नाही, साबण खाल्ल्यासारखी लागते, तीही न धुतलेल्या कपड्याला लावलेला. पीचची तू म्हणालीस तशी गालात ठेवली आणि चघळत बसले. आधी काही नाही. मग थोडं काही. तेवढ्यात संपली. दुसरी घेतली, तिच्यात तेवढंही नाही. माणसाचं तोंड रोज वेगळं असतं, गोळीला काय दोष.

पण ती पिवळी! भिंगरी, ती जिभेवर टेकली आणि डोळ्यांतून टचकन पाणी आलं. दोन्ही कानांच्या मागे कुणी चिमटा काढावा तसं झालं. वरचं चॉकलेट काही कळलंच नाही, पण आतला आंबट गर अगदी मुळापर्यंत पोचला. खिडकीशी खुर्ची ओढून ती गोळी सावकाश खाल्ली. खाली रस्त्यावर शाळा सुटली होती, मुलं दप्तरं डोक्यावर घेऊन पळत होती. पूर्ण संपेपर्यंत उठले नाही. पिवळ्या आणखी मिळाल्या तर पाठव. मागून घेतेय म्हणून हसू नकोस.

घड्याळवालीचं मांजर चार पिल्लं घेऊन जिन्याखाली बसलंय. घड्याळवाली म्हणते, एक तुम्ही घ्या. मी म्हटलं, बाई, या घरात आधीच दोन म्हाताऱ्या मांजरी आहेत, एक गुरगुरते आणि एक गुपचूप असते.

परीक्षेचं तू लिहिलंस ते वाचून दाखवलं गेलं. सगळं. एक ओळ गाळली नाही. वाचणारीचा आवाज मधे थांबला, मग पुढे गेली. त्या पास होण्याचं काय करायचं, ते तिलाही ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की तू पेपर टाकून आली असतीस.

नोकरीची मुदत वाढवून मिळते का ते बघ. नीट जम बसलाय तर घाईने सोडू नकोस. इकडची काळजी करू नकोस.

आजी


१ मे

प्रिय आजी,

हे बरंय! आधी म्हणे गोळ्या माझ्या कामाच्या नाहीत आणि आता खुर्ची ओढून खिडकीशी बसून चघळतेस. कवळीने माघार घेतली की नवी केलीस? आणि टेबलाला पाय कधी फुटले? आपलं टेबल तर भिंतीत ठोकलेलं होतं, जेवून झालं की उचलून वर लावायचं, त्याच्या कडेवर माझं डोकं किती वेळा आपटलंय. नवं घेतलेलं दिसतंय. घ्या बाई, मी परदेशी घडी घालून मरतेय आणि तुम्ही टेबलं घ्या.

पिवळ्या गोळ्यांसाठी मावशींनी बहिणीला मुद्दाम लिहिलं. सोबत पाठवतेय त्या सगळ्या पिवळ्याच. मावशींनी स्वतःसाठी एकही ठेवली नाही. मी भुवया उंचावल्या, तर त्यांनी तुझ्यासारखी कंबरेत वाकलेली म्हातारी करून दाखवली आणि हात जोडले. त्यांना आई नाही.

तुझं पत्र वाचून मी सही केली. खरं तर जूनमध्ये उतरणार होते. मुकादमीण म्हणाली, आणखी सहा महिने राहिलीस तर तुला रोलरवरून काढून घडीच्या टेबलावर घेते, तिथे वाफ कमी. मी दोन दिवस मागितले होते. वाटत होतं, एकदा घरी यावं. का ते नीट सांगता येत नाही. ती घसरलेली ओळ डोळ्यांपुढून जात नव्हती. पण तू लिहिलंस ती ठणठणीत आहे, तर म्हटलं, घाई काय. डिसेंबरात येईन. तेव्हा कदाचित मी आणि ती, तुला मधे न घेता, हवापाण्याविषयी तरी बोलू.

तिला सांग. नको, सांगू नकोस. ती वाचतेच आहे.

तुझी,
भिंगरी


३० मे

भिंगरी,

अक्षर बदललेलं दिसेल. घाबरून खाली बस आणि मग वाच. लिहितेय ती घड्याळवाली. तिचा हात बारीक चक्रांवर बसलेला, अक्षर मुंगीच्या पिल्लाएवढं, तेव्हा भिंग घे.

तुझी आई दवाखान्यात आहे. पोटात गाठ आहे, हिवाळ्यापासून आहे. सुया झाल्या, सलाइनं झाली, डोक्यावरचे केस गेले. आता डॉक्टर मान हलवतात आणि मला ऐकू येत नाही म्हणून घड्याळवालीशी बोलतात. पण मान हलवलेली मला दिसते.

तू म्हणशील, आजी, आज सांगतेस? अगं पोरी, मी पहिल्या पत्रापासून सांगतेय.

फेब्रुवारीत सांगितलं, तुझी आई आजारी आहे, येऊन जा. एप्रिलमध्ये सांगितलं, तिचं अन्न तुटलंय, तोंडाला सदा लोखंडाची चव असते, सगळ्या गोळ्या तिला देते, खरबुजाची थुंकली, पीचची एकदा कळली आणि दुसऱ्यांदा नाही, फक्त पिवळी लागते. ती आपल्याला लागली म्हणून रडली. हे सगळं मी समोर बसून सांगितलं आणि समोर बसून ती लिहीत होती. पेन चालत होतं, मान खाली, ओळीमागून ओळ. मला काय ठाऊक कुठली ओळ चाललीय! वकिलाचा खोकला सोडून दुसरं काही न सोडणारी बाई. माझ्या तोंडात तिने तिची गोळी घातली. ठणठणीत मी म्हटलं नव्हतं, टेबलाचा पाय मी म्हटला नव्हता. नोकरी वाढव हेही माझं नाही.

आणि तुझी पत्रं आली की वाचणारीही तीच. मी विचारायची, "भिंगरी काय म्हणते आईच्या आजाराचं?" ती म्हणायची, "काही नाही, आई. रागात आहे अजून." मला वाटायचं, काय दगड आहे ही पोर. सख्ख्या आईचं एवढं लिहून पाठवलं आणि ही बाई गोळ्यांच्या गप्पा मारते. मी तुला मनात पुष्कळ बोलले. सगळं परत घेते.

परवा तिला दवाखान्यात ठेवलं आणि तुझं मेचं पत्र आलं. ते घड्याळवालीने वाचलं, सगळं, मोठ्याने, माझ्या बऱ्या कानात. ती घसरलेली ओळ, ते टेबल, ती तुझी सही. मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. मग मी पायात काय मिळेल ते घालून दवाखान्यात गेले.

मी रागावूनच शिरले होते. ती उशीला टेकून बसली होती, डोक्याला माझा रुमाल. मी म्हटलं, "काय गं, सूनबाई, माझ्या तोंडाचा असा उपयोग?"

"कुणी वाचलं?" म्हणाली.

"घड्याळवालीने. आता बोल, का केलंस?"

डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मग म्हणते, "तिने विचारलं ना, बरी आहे का म्हणून. इतक्या वर्षांनी विचारलं. मरायला टेकलेय म्हटलं असतं तर धावत आली असती. कुणीही येतं."

"मग तुला काय हवं होतं?"

"तिने आणखी एकदा विचारायला हवं होतं," म्हणाली. "एवढंच."

आता सांग, हिला काय म्हणू? स्वतःच ठणठणीत लिहायचं आणि स्वतःच वाट बघायची. ठणठणीत माणसाला कोण विचारतं दुसऱ्यांदा! मी तोंड उघडलं शिव्या द्यायला, पण तिचा हात हातात आला आणि तो इतका हलका होता की मी शिव्या गिळल्या.

तुझ्या कंपनीच्या कचेरीत घड्याळवालीने निरोप दिलाय. तो चार शब्दांचा, त्यात "ये" कळेल, "का" कळणार नाही. म्हणून हे पत्र. स्वतःला दोष देत बसू नकोस, त्याला नंतर वेळ असतो. ये.

आजी


१४ जून

आजी,

निरोप आठवड्यापूर्वी मिळाला, तुझं पत्र आज या बंदरावर. मला सोडलंय, पण इथे उतरायची परवानगी नाही, पुढच्या मोठ्या बंदरावर बदली बाई चढेल तेव्हाच उतरता येईल. मधे सगळं पाणी आहे. मी घड्या घालतेय, कारण हात रिकामे राहिले तर काय करतील ठाऊक नाही.

कवळी, टेबल, दोन्ही मला दिसलं होतं. दोन्ही वेळा मी हसले.

शिवणवाल्या मावशींची मुदत संपली, त्या आज इथे उतरून विमानाने घरी चालल्या. त्यांच्या हाती हे पाकीट देतेय, त्या विमानाच्या टपालात टाकतील. माझ्याआधी पोचेल. आत दुसरं पाकीट आहे, चिकटवलेलं. ते तिचं आहे. तिलाच दे. घड्याळवालीला फोडायला लावू नकोस आणि तुला वाचून दाखव असंही तिला म्हणू नकोस. आजी, रागावू नकोस.

येतेय.

भिंगरी


२० सप्टेंबर

चि. भिंगरी हिस,

तू बोटीवर परत गेलीस ते बरं केलंस. इथे राहून दोघी एकमेकींची तोंडं बघत बसलो असतो आणि माझं तोंड काही बघण्यासारखं राहिलेलं नाही. घड्याळवाली रोज संध्याकाळी दुकान बंद करून वर येते. पिल्लू ठेवून घेतलं. फार आगाऊ आहे, तुझ्यावर गेलंय.

तू आलीस तेव्हा जिन्यातच तुला कळलं, कुणाला सांगावं लागलं नाही. राहिलीस तेवढ्या दिवसांत एकच गोष्ट विचारलीस, "आजी, तिने माझं पत्र वाचलं का?" मी हो म्हटलं आणि पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. पुढचं तोंडातून निघेना. माझ्या! आयुष्यात पहिल्यांदा मला शब्द सुचेनात आणि ते नेमके तुझ्यासमोर. आता घड्याळवालीच्या पाठीकडे बघत सांगते, पाठीला सांगणं सोपं.

पाकीट मी पदरात झाकून नेलं, जसं काही चोरून आणलंय. तिला दिलं. तिने अक्षर बघितलं, चष्मा मागितला आणि कडेने सावकाश फोडलं. मी नेहमीसारखा बरा कान पुढे करून बसले. आवाज येईना. बघते तर ओठ हलताहेत. मी म्हटलं, "अगं, मोठ्याने."

ती म्हणाली, "आई, हे माझं आहे."

मला आधी रागच आला. एवढी वर्षं तुमच्या दोघींचं सगळं माझ्या कानातून आणि माझ्या तोंडातून गेलं आणि आता मला बाहेर बसवलं. मग लक्षात आलं की हेच तर मी मागत होते. मी स्टूल खिडकीकडे फिरवलं. मागे पान उलटल्याचा आवाज मला काही आला नसणार, पण मला वाटलं, आला. मधे एकदा वळून बघितलं, तर हसत होती. तिथे काय लिहिलं होतंस, ते मला सांगू नकोस. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मग पत्र गादीखाली सरकवलं आणि पिवळी गोळी मागितली.

मी कागद काढून दिली. गालात ठेवून डोळे मिटून बसली. मी विचारलं, "लागते का चव?"

"नाही लागत आता," म्हणाली. "पण कशी होती ते आठवतंय."

तिचं ते पत्र मी तिच्याबरोबरच दिलं. घड्याळवाली म्हणाली, ठेवा, मुलीला परत देता येईल. मी म्हटलं, दिलेलं पत्र कुणी परत घेतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिहायला कागद मागितला. मी सवयीने सांगायला सुरुवात केली, "चि. भिंगरी हिस, पत्र लिहिण्यास कारण की..." तर तिने हात वर केला. "आई, आज तुमचं नाही. आज मी लिहिणार."

मी म्हटलं, "लिही बाई, मी कान झाकून घेते." त्यावर म्हणते, "झाकायला उरलेत कुठे?" अगदी शेवटपर्यंत सून ती सूनच.

उशी मांडीवर, उशीवर ट्रे, ट्रेवर कागद. पेन घट्ट धरून तिने लिहिलं. थोडं लिहिलं. मग थांबली, पेन कागदाला टेकवून, मान खाली. वकील बोलता बोलता विचार करायला थांबायचा तेव्हा ती अशीच थांबायची, ती सांगायची मला. मी म्हटलं, पुढचं जुळवतेय. एवढ्या वर्षांचं आहे, जुळवायला वेळ लागणारच. तिला घाई केली नाही. बाहेर गाड्यांवरून जेवणाची ताटं जात होती. नर्स आत आली आणि तिने आधी पेन हातातून काढून घेतलं, तेव्हा मला कळलं.

तो कागद मी तू असताना तुला दिला नाही, उशाशी ठेवला होता. रोज उघडून बघत होते. मला वाटलं, बघून बघून एखादी मुंगी तरी ओळखीची होईल. काही झाली नाही. आज घड्याळवालीला दाखवला. तिने भिंग डोळ्याला लावून बघितला, उलटाही करून बघितला. म्हणते, "आजी, वर फक्त 'चि. भिंगरी' आहे. पुढे एक स्वल्पविराम. खाली सगळा कागद कोरा आहे."

मी म्हटलं, तुला वाचता येत नसेल.

कागद आत घातलाय. तू वाच.

आजी